टावरच्या बुडाशी ओल

रामकिशन सोनकांबळेचा दिवस चहाच्याही आधी सुरू व्हायचा. अंथरुणातच फोन उचलून तो कंट्रोल रूमचे मेसेज बघायचा. कुठल्या टॉवरची लाईट गेली, कुठली बॅटरी उतरली, कुठला जनरेटर सुरूच झाला नाही. मग मोटरसायकलच्या एका अंगाला हत्यारांची पिशवी, दुसऱ्या अंगाला डिझेलचा कॅन आणि पाठीवर सेफ्टी बेल्टचं गाठोडं घेऊन तो चाकूरच्या भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायचा. गाव त्याचं हिमायतनगर, नांदेड जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. आयटीआय झाल्यावर काही दिवस त्यानं नांदेडला एका दुकानात जळक्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळून दिल्या, नंतर हे टॉवरचं काम मिळालं ते थेट लातूर जिल्ह्यात. इकडच्या लोकांना त्याची बोली ऐकून हसू यायचं. तो ‘करून राहिलो’ म्हणायचा, ही माणसं ‘करायलाव’ म्हणायची. पण चाकूरपासून उदगीरच्या वाटेपर्यंतच्या गावागावांत तो टावरवाला म्हणून ओळखीचा झाला होता, आणि सोनकांबळे हे आडनाव ऐकून जे काय समजायचं ते समजूनही लोक त्याला ओट्यावर बसा म्हणत होते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची ही गोष्ट. शहरातली ही तऱ्हा, मग खेड्यांचं काय विचारावं. रामकिशन टॉवरवर चढला की खाली नुसता भुरा रंग दिसायचा, आणि त्यात कुठंतरी हिरव्यानिळ्या घागरींची रांग.

एप्रिल संपता संपता लातूरहून विरूपाक्ष स्वामींचा फोन आला. हे त्या भागातल्या टॉवरांचे इंजिनिअर. वय रामकिशनएवढंच, पण बोलण्यात कायम बस सुटत असल्यासारखी घाई.

“रामकिशन, सगळ्या साईटच्या अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी टाकून घे. आता विजा सुरू होतील. मीटर लावून रीडिंगचे फोटो पाठव.”

“साहेब, पाणी कुठून आणू?”

“गावातून घे की. दोन-चार बादल्या तर लागतात.”

साहेबांच्या स्वतःच्या घरी पाणी आलं की बायको वाट्या-तांबेसुद्धा भरून ठेवते, हे त्यांनीच कधीतरी रामकिशनला सांगितलं होतं. पण वरून त्यांनाही कोणीतरी फोन केलेला असणार. रामकिशन “हो” म्हणाला.

काम तसं साधं होतं. टॉवरच्या बुडाशी खड्डे असतात, त्यांत तांब्याची पट्टी पुरलेली असते, भोवती मीठ आणि कोळसा. वर वीज पडली की तिनं त्या पट्टीवरून उतरून जमिनीत जिरावं. पण जमिनीला ओल असली तरच ती जिरते. माती ठणठणीत कोरडी असली की वीज आडवाटेनं यंत्रांत शिरते आणि सगळं जाळून टाकते. रामकिशननं असा एक जळका टॉवर पाहिला होता. आतली कपाटं भाकरी करपल्यासारखी काळी झाली होती.

घरमालकाच्या बोअरला करंगळीएवढी धार येत होती. तिच्यापुढं बसून त्यानं दोन कॅन भरले. त्या दिवशीची आंघोळ त्यातच गेली. गाडीला कॅन बांधून तो निघाला तो बोरमाळला.

बोरमाळ हे टेकाडाच्या उतारावरचं गाव. टॉवर सगळ्यात उंच जागी, मल्लम्माच्या माळावर. मल्लम्मा साठीची विधवा बाई. तिचं घर टॉवरच्या कुंपणाला लागूनच होतं, आणि कुंपणाची राखण तिचा दीर गुरुपादप्पा करायचा. राखण म्हणजे काय, तर कुंपणाच्या सावलीत बाज टाकून पडायचं आणि आल्यागेल्याशी उदगीर जिल्हा कधी होणार यावर बोलायचं. उदगीरचा नवा जिल्हा झाला की कलेक्टर हाकेच्या अंतरावर येतो, आणि कलेक्टर जवळ आला की पाणी येतं, असा त्याचा सरळ हिशेब होता.

रामकिशननं पहिल्या खड्ड्याचं झाकण काढलं आणि कॅन कलंडला. माती इतकी तापलेली होती की पाणी पडताच चर्र आवाज आला. कॅन रिकामा होईपर्यंत वर थेंबही दिसला नाही. त्यानं दुसरा कॅन उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय करायलास रे?”

मल्लम्मा होती. कमरेवर रिकामी घागर.

“अर्थिंगमध्ये पाणी टाकून राहिलो मावशी. कंपनीचा हुकूम हाय.”

“पाणी? चांगलं पाणी?” तिनं घागर खाली ठेवली, वाकून कॅनमध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग ती अशी काही ओरडली की गुरुपादप्पा बाजेवरून उठून बसला. “आरं, हितं माणसाच्या घशाला कोरड पडायली, आन् तू लोखंडाला पाजायलास? चार दिसाला टँकर येतोय, त्याच्या पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायल्यात. आन् तू मातीत वततूस?”

“मावशी, हे टाकलं न्हाई तर वीज पडल्यावर…”

“पडू दे! वीज पडायला आदी ढग तर यिऊ दे!”

तिनं कॅनचा कान धरला. रामकिशननंही तो धरूनच ठेवला. दोघांच्या ओढाताणीत थोडं पाणी सांडलं, तसा त्यानंच हात सोडला. ती कॅन घेऊन बसली आणि ते पाणी हलक्या हातानं घागरीत ओतू लागली. पाणी कुणाच्या घरचं, कुणाच्या हातचं, हे तिनं विचारलं नाही. रामकिशनच्या आजाला हिमायतनगरात विहिरीच्या कडेला हात पसरून उभं राहावं लागायचं, दुसऱ्यानं वरून ओतलं तर प्यायला मिळायचं. आणि इथं ही बाई त्याच्या हातचा कॅन ओढून नेत होती. त्याला राग आला होता, पण तो राग धड टिकेना.

त्यानं मीटर लावलं. रीडिंग भलतंच वर होतं, म्हणजे माती कोरडीच. तसाच फोटो त्यानं पाठवला. पाचच मिनिटांत विरूपाक्षांचा फोन.

“हे काय रीडिंग आहे? वर पाठवता येईल का मला?”

“साहेब, गावकऱ्यांनी टाकू दिलं न्हाई.”

“मग दुसऱ्या साईटचा फोटो टाक ना. मीटर काय सांगतंय का कुठलं आहे ते?”

“वीज पडली तर मलाच यावं लागन साहेब. फोटो राहू द्या हाच. मी अजून बघतो.”

विरूपाक्षांनी फोन ठेवला. रामकिशन पुढच्या दोन-तीन गावांत फिरला, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच. एका ठिकाणी तर त्याच्याकडं पाणी नव्हतंच, तरी बायकांनी गाडीचे कॅन हलवून पाहिले. त्यांत डिझेल होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी आभाळ काळं झालं. वारा सुटला, धूळ उडाली, पत्रे वाजले, विजा कडाडल्या. पाऊस मात्र रुमाल भिजण्याइतकाही पडला नाही. रामकिशन तेव्हा चाकूरला होता. त्याच्या फोनवर मेसेज आला: बोरमाळ डाऊन.

ते काही नुसतं फोन बंद पडणं नव्हतं. सरकारी टँकरचा ड्रायव्हर मारोती पाणी भरून निघाला की मल्लम्माला फोन करायचा. तिचं घर टॉवरखालीच, तिथं रेंज कधी जात नसे. फोन आला की मल्लम्मा पितळी थाळी बडवायची आणि सगळ्या बाया घागरी घेऊन खालच्या विहिरीवर जायच्या. टँकर त्या विहिरीत रिकामा होई. पण तळ भेगाळलेला होता. पाणी भराभर उपसलं तर हाती लागायचं, नाहीतर जिरून जायचं. टॉवर गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मारोती आला. त्यानं वाटेतून फोन लावून पाहिला, लागला नाही. आणखी गावं करायची होती. त्यानं पाइप सोडला, टँकर रिकामा केला आणि गेला. संध्याकाळी एक म्हातारी शेळ्या घेऊन तिकडून आली आणि म्हणाली, विहिरीत चिखल दिसतोय, टँकर येऊन गेला की काय? बाया पळाल्या. तळाशी तांब्यानं खरवडून घ्यावं एवढंच गढूळ पाणी उरलं होतं.

लातूरहून नवं सामान मिळायला वेळ लागला. रामकिशन ते घेऊन सकाळीच बोरमाळला पोचला, तर कुंपणाच्या फाटकाला कंपनीच्या कुलपाशेजारी दुसरं मोठं कुलूप. त्यापुढं मल्लम्मा फतकल मारून बसलेली. बघता बघता निम्मं गाव जमलं. खाली विहिरीवर टँकरच्या पाळतीला बसवलेल्या दोघी बायकासुद्धा काय चाललंय ते बघायला वर आल्या.

“चावी द्या मावशी. डिशमागचा डबा जळला हाय, बदलून देतो. दुपारपर्यंत रेंज येईन.”

“न्हाई द्यायची.”

“हा टावरच ढग हाकलतोय,” गर्दीतून एकजण बोलला. “टावर झाल्यापासनं पाऊस कमी झालाय. खरं का खोटं?”

दोघातिघांनी मान डोलावली. गुरुपादप्पानं खाकरून सांगितलं की उदगीर जिल्हा झाल्यावर ह्याची चौकशी लावता येईल.

रामकिशननं हेल्मेट काढलं आणि मल्लम्मासमोर खालीच बसला. त्याला भाषण येत नव्हतं. उन्हातून आल्यामुळं डोकं भणभणत होतं.

“मावशी, मागच्या खेपेला टँकरचं पाणी गेलं. का गेलं?”

“फोन आला न्हाई म्हनून.”

“फोन का न्हाई आला?”

तिनं मान वर करून टॉवरकडं पाहिलं.

“वीज पडली. तिला खाली जायला ओल पायजे होती. ती न्हवती, तं ती डब्यात घुसली. मी हौसंनं पाणी वतून राहिलो व्हतो का? त्या दिवशी आंघोळ न करता आलतो मी. आता हा डबा लावला आन् परत वीज पडली तं हाही जाईन. मंग अजून चार दिवस फोन बंद. मला काय, मी परत यीन. तुमच्या विहिरीचं सांगा.”

 मल्लम्मानं पदरानं घाम पुसला.

“त्येला गोडंच पानी लागतंय का?”

“अं?”

“तुज्या खड्ड्याला. पेयाचंच पानी लागतंय, का कसलंबी चालतंय?”

“कसलंबी चालते. ओल पायजे फक्त.”

“भांडी घासल्यालं? न्हाणीतलं? साबन आसला तर?”

“चालते की.”

“आरं मुडद्या!” मल्लम्मा उठूनच उभी राहिली. “मग त्या दिवशीच सांगायचं की! चांगल्या पान्याचा कॅन घिऊन आलास लई शहाना!”

लोक हसले. रामकिशनही हसला, जरा ओशाळून. दर उन्हाळ्यात तो खड्ड्यांत नळाचं नाहीतर बोअरचं पाणी टाकत आला होता, आणि वापरलेलं पाणी टाकावं हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वाईट पाणीही दुष्काळात फुकट नसतं, हे मात्र पुढच्याच वाक्यात कळलं. मल्लम्माच्या न्हाणीचं पाणी परसातल्या लिंबोणीला जात होतं, आणि गावात त्या महिन्यात हिरवं म्हणावं असं तेवढंच एक झाड होतं.

“एक दिस लिंबोनीला, एक दिस तुज्या टावराला,” तिनं निकाल दिला. “आन् तुमी पलीकडच्या दोन घरांनीबी द्यायचं. टँकरचा फोन सगळ्यास्नीच पायजे ना?”

पलीकडच्या घरची नागम्मा म्हणाली, तिचं न्हाणीचं पाणी म्हशीच्या अंगावर जातं, म्हैस मोठी का टॉवर मोठा? त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी भांड्यांचं पाणी द्यायला ती तयार झाली. मल्लम्मानं कनवटीची चावी काढून कुलूप उघडलं.

रामकिशननं बेल्ट बांधला, दोरीचं टोक कमरेला अडकवलं. नवा डबा दोरीच्या मधोमध बांधून तिचं दुसरं टोक गुरुपादप्पाच्या हाती दिलं आणि बजावलं, मी सांगेन तेव्हाच सोडायचं, मध्ये कुणाशी बोलायचं नाही. लोखंड इतकं तापलं होतं की हातमोज्यांतूनही चटके बसत होते. तो बेल्टचा एकेक आकडा अडकवत चढला. निम्म्यावर पोचल्यावर त्यानं श्वास घेतला. खाली बघायचं नाही, पायाकडं बघायचं, हे पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. वर पोचून त्यानं दोन्ही आकडे पक्के केले आणि डबा ओढून घेतला.

जळका डबा काढून नवा बसवताना त्याची नजर सहज पलीकडं गेली. डांबरी रस्त्यावरून धुळीचा एक लोळ बोरमाळच्या कच्च्या वाटेला वळत होता. पुढं निळं तोंड, मागं पांढरी टाकी. मारोतीचा टँकर.

रामकिशननं खाली पाहिलं. सगळ्या बाया टॉवरच्या बुडाशी, तोंडं वर करून त्याची गंमत बघत उभ्या. विहिरीवर काळं कुत्रं नव्हतं. विहीर गावाच्या पलीकडच्या उतारावर, इथं खाली उभ्या माणसाला दिसणं शक्य नाही.

“टँकर!” तो ओरडला. “टँकर आला!”

वारा उलटा होता. गुरुपादप्पानं कानाला हात लावला. “काय? पाना पायजे?”

“टँकर! मारोती!”

“कंचा पाना? मोठा का बारका?”

रामकिशननं दोरीला हिसडे दिले. गुरुपादप्पा घाबरला आणि दोरी आणखीच घट्ट धरून बसला. मग रामकिशननं एक हात सोडला आणि विहिरीकडं लांबवला, पुन्हा पुन्हा, तोंडाला ओंजळ लावून पाणी प्यायची खूण केली आणि परत हात लांबवला. 

मल्लम्माला उमगलं. ती सरळ घराकडं पळाली. साठीची बाई, पण पदर खोचून अशी पळाली की रामकिशनला वरून ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसली. मग थाळी वाजायला लागली. बाया घागरी उचलून उताराला लागल्या. कुणाची घागर गडगडत पुढं गेली, कुणी दुसऱ्याचीच उचलली. नागम्मा एका हातात घागर आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं होती.

टँकर विहिरीशी पोचला आणि पाइप सुटला, तेव्हा पहिल्या बाया तिथं होत्या. घागरी त्यांनी थेट पाइपाखाली धरल्या. मारोती खाली उतरून हातवारे करत होता, बहुतेक फोन लागत नाही म्हणून शिव्या घालत असणार. रामकिशनला ऐकू येत नव्हतं. तो दिसेल तेवढं बघत राहिला. मग त्याला आठवलं की आपण अजून बोल्ट आवळलेले नाहीत.

त्यानं बोल्ट आवळले, वायर जोडली, डिशचं तोंड चाकूरच्या दिशेनं आहे ते तपासलं. मग तो उतरला. खाली गुरुपादप्पा दोरी धरून तसाच उभा होता, इमानदारीनं. आतल्या कपाटाचे दिवे एकेक करून हिरवे झाले. त्यानंतर थोड्याच वेळात उतारावरून भरल्या घागरी घेऊन येणाऱ्या बायकांच्या कनवटीतले फोन एकापाठोपाठ एक वाजायला लागले, पाच दिवसांचे अडकलेले मेसेज घेऊन. डोक्यावर घागर असल्यामुळं कुणालाच हात लावता येईना. वाजत वाजतच सगळ्या घरी गेल्या.

मल्लम्माचं आणि पलीकडच्या दुसऱ्या घराचं सांडपाणी खड्ड्यांकडं वळवायला रामकिशननं मल्लम्माच्या न्हाणीपासून एक चर काढून दिला. दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यांत नागम्मा रोज भांड्यांची बादली ओतायची, आणि ओतताना टॉवरला दोन शब्द सुनवायचीही. पुढच्या वेळी रीडिंग बरंच खाली आलेलं होतं. विरूपाक्षांनी विचारलं, “कसं केलंस?” रामकिशननं सांगितलं. साहेब म्हणाले, “बाकीच्या गावांतही विचारून बघ. आणि त्या फोटोचं… तू पाठवलास तेच बरं झालं. दुसऱ्या साईटचा असता, तर वीज पडल्यावर माझी मान अडकली असती.”

बाकीच्या गावांत काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी नाही. एका गावात लोक म्हणाले, आमचं सांडपाणीही आम्हाला पुरत नाही. त्यांचंही खरंच होतं.

जूनमध्ये, मिरग लागल्यावर, एका पहाटे बोरमाळवर मोठा गडगडाट झाला आणि ह्या वेळी मागोमाग पाऊसही आला. रामकिशन चाकूरला पत्र्यावरचा आवाज ऐकत पडला होता. मेसेज येतोय का म्हणून त्यानं फोन हातातच धरला होता. मेसेजऐवजी तो वाजला.

“मी मल्लम्मा बोलायले. वीज पडली रे आत्ता टावरावर. डोळं दिपलं बग माजं. तुजा टावर ऱ्हायला का गेला?”

“मावशी, तुम्ही कशावरून बोलून राहिल्या?”

“फोनवरनं की!”

“मंग?”

 “आगं बया,” मल्लम्मा म्हणाली, आणि लगेच, “बरं, आसू दे. न्हाणीचा पत्रा उडालाय माजा. इकडं आलास तर चार खिळे घिऊन ये.”